एक सूत माशी

मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण बंदुकीच्या दुकानात सव्वीस वर्षं काम केलं म्हटलं, की लालबागच्या आमच्या चाळीतली पोरं पहिला प्रश्न तोच विचारतात. माझं काम कानशीचं. रिव्हॉल्व्हर माझ्या हातात यायचं ते वाइसमध्ये बांधण्यापुरतं. ते चालवायचा अधिकार लायसन्सवर ज्याचं नाव त्याचा, दुरुस्तीचं लायसन्स शेठचं, आणि मी शेठच्या पगारातला फिटर.

आयटीआय करून मी 1973 मध्ये एका गिरणीच्या वर्कशॉपात लागलो. साच्यांचे सुटे भाग विलायतेहून यायचे दिवस तेव्हाच संपत आले होते. तुटलेला भाग पुढ्यात ठेवायचा आणि तसाच दुसरा घडवायचा, हे आमचं रोजचं काम. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या त्या संपाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी वेगळं काय सांगणार? वर्षभर वाट पाहिली, बायकोच्या पाटल्या गेल्या, आणि 1983 च्या पावसाळ्यात ओळखीच्या एका माणसाने गिरगावच्या बाजूच्या एका दुकानाचा पत्ता दिला. शेठनी काही विचारलं नाही. अंगठ्याएवढा पोलादाचा तुकडा दिला आणि म्हणाले, "चौरस करून आण." संध्याकाळी त्यांनी तो गुण्याला लावून दिव्यापुढे धरला. फटीतून उजेड आला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर.

दुकानात एक म्हातारे मिस्त्री होते, बिहारमधल्या मुंगेरचे. तिथे बंदुका घडवण्याचं काम पिढ्यानपिढ्या चालत आलंय. ते मराठी समजायचे पण बोलायचे हिंदीच. नळीच्या टोकावर नेम धरायला जो उंचवटा असतो त्याला ते मक्खी म्हणत. मराठीत माशी. मागची ती खाच. खाचेत माशी, माशीवर निशाण, झालं. नव्या पोरांना फोरसाइट-बॅकसाइट म्हटल्याशिवाय कळत नाही, पण नळीच्या टोकावर बसलेली ती काळी चिमुकली वस्तू एकदा पाहिली की दुसरं नाव सुचू नये.

दुसरा शब्द मला एका निवृत्त सुभेदारांनी दिला. ते परळला राहत, दुकानात गप्पा मारायला येत. फौजेत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. मी म्हटलं, हा तर आपला कवायतीतला शब्द. ते म्हणाले, जुना मराठी कोश उघडून बघ. खरोखरच शिस्त म्हणजे आधी नेम, रोख, मारा करण्याआधी धरलेली सरळ रेघ. फारसीतून आलेला शब्द. रांगेत उभं राहणं, वेळेवर येणं, मोठ्यांपुढे न बोलणं हे सगळं त्या रेघेला नंतर चिकटलं. शाळेत मास्तर शिस्त शिस्त ओरडायचे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

आता गंमत अशी, की आमच्या दुकानात येणाऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरांवर ही शिस्त धरायची सोय नावापुरतीच होती. अर्धचंद्रासारखी गोल, पातळ माशी आणि मागे व्ही आकाराची ओरखड्यासारखी खाच. ऊन पडलं की माशीचा गोल माथा चकाके, संध्याकाळ झाली की खाच दिसेनाशी होई. मी पहिल्यांदा मिस्त्रींना विचारलं, की विलायतच्या एवढ्या नामांकित कारखान्याने हे असं का केलं? ते म्हणाले, "ये देखने के लिए बनाया ही नहीं." हे वाक्य मला पुरतं कळायला पुष्कळ वर्षं लागली.

मुंबईत ही हत्यारं कुणासाठी आली ते बघा. 1878 चा हत्यारांचा कायदा लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला. हिंदी माणसाला बंदूक ठेवायची तर परवाना हवा, गोऱ्या माणसाला त्यातून सूट. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन 1885 मध्ये आमच्या गिरगावशेजारी, गोवालिया टँकच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं, आणि दोनच वर्षांनी मद्रासच्या अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला. तो भेदभाव उठायला पहिलं महायुद्ध संपावं लागलं. तोवर रिव्हॉल्व्हर ही साहेबाच्या ट्रंकेतली वस्तू. काळ्या घोड्याजवळची ती आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत अजून उभी आहे. त्या काळी साहेब लोकांच्या सामानाची ती पेढी. आता तिथे कपडे विकतात.

आमच्याकडे सगळ्यात जास्त यायची ती वेब्ली. बर्मिंगहॅमचा हा कारखाना. 1897 मध्ये वेब्ली आणि स्कॉट एकत्र झाले, म्हणून नंतरच्या नगांवर वेब्ली अँड स्कॉट असा छाप. ब्रिटिश फौजेने वेब्ली 1887 मध्ये घेतली आणि सुधारत सुधारत 1915 मध्ये मार्क सहापर्यंत नेली. या रिव्हॉल्व्हरचा कणा मधोमध मोडतो. बाजूची कळ अंगठ्याने दाबली की नळी खाली झुकते आणि रिकाम्या पुंगळ्या आपोआप वर उचलल्या जातात. गोमेकडे बघा: नळी आणि मागची चौकट यांना धरून ठेवणारी जी कडी, तिच्याच माथ्यावर मागची खाच कापलेली. म्हणजे कडी झिजली की खाच हलते. माणूस म्हणतो माझा नेम चुकतो, आणि चुकत असते ती कडी. मार्क सहाची माशी निदान स्क्रूने बसवलेली, काढता येणारी. खिशात ठेवायच्या लहान रिव्हॉल्व्हरांची माशी मात्र नळीच्याच पोलादातून कोरलेली असे. काढायची म्हणजे कापायची.

गोल माशीचं कारण साधं. हे हत्यार चामड्याच्या खोळीतून किंवा कोटाच्या खिशातून झटकन बाहेर यायला हवं. टोकदार, चौकोनी माशी कापडात अडकते. आणि ते वापरायचं कुठे, तर टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसावर. ऑक्टोबर 1930 मध्ये, भगतसिंगांना शिक्षा सुनावली गेली त्याच आठवड्यात, दुर्गाभाभी आणि त्यांचे सोबती लॅमिंग्टन रोडच्या पोलीस ठाण्याजवळ मोटारीतून आले आणि सार्जंट टेलर व त्याच्या बायकोवर गोळ्या झाडून गेले. टेलर जखमी झाला, मेला नाही. तो रस्ता आता भडकमकर मार्ग. मी रोज त्यावरून दुकानात जायचो. अंधारात, मोटारीतून, कसली खाच आणि कसली माशी. पुढच्याच वर्षी 22 जुलैला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगट्यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळी झाडली ती हातभर अंतरावरून. तिथे माशीकडे बघायला वेळ होता का? त्या काळात या हत्यारांशी ज्यांचा खरा संबंध आला, त्यांतल्या कुणी शिस्त धरून, श्वास रोखून, एक डोळा मिटून चाप ओढला असेल असं मला वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, हत्यारं राहिली. गिरणीमालक, वकील, सावकार, संस्थानिकांचे मुनीम, काही डॉक्टर अशांच्या कपाटांत ती शिरली. 1959 चा नवा हत्यार कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. फौजेच्या मापाची हत्यारं, म्हणजे .455 किंवा 9 मिलिमीटर, सामान्य नागरिकाला बंद. उरलं ते मुख्यतः बत्तीस बोअर. मग 1980 च्या दशकात खासगी आयातच थांबली. आमच्या धंद्याच्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी घटना. बाहेरून नवा नग येणार नाही, सुटा भाग येणार नाही. शेठ दुकानातल्या जुन्या वेब्लीकडे बोट दाखवून म्हणायचे, "आ तो हवे सोनु छे." खरंच किमती तशाच चढल्या. इंग्लंडात जिला कुणी विचारत नव्हतं ती बत्तीस बोअरची म्हातारी इथे लाखांत बोलू लागली. कानपूरच्या सरकारी कारखान्याने पुढे नव्वदच्या दशकात बत्तीस बोअरचं देशी रिव्हॉल्व्हर काढलं. त्याचा नमुनाही जुन्या वेब्लीचाच.

आणि ही सोन्यासारखी वस्तू काय करत होती? पडून होती. आमच्याकडे ती दोनच निमित्तांनी दिसे. एकदा खंडेनवमीच्या आधी, तेलपाणी करायला. चार दिवसांनी तिच्यावर झेंडूचं फूल वाहिलं जाई आणि ती पुन्हा कपाटात जाई. गिरणीत आम्ही साच्यांना हार घालायचो, पण ते साचे दुसऱ्या दिवशी चालत तरी. दुसऱ्यांदा दिसायची निवडणुकीत. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं जमा करायची, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात. त्या दिवसांत आमची तिजोरी भरून जाई. मी प्रत्येकीची नळी उजेडाला धरून बघायचो. शंभरातल्या नव्वद नळ्या आतून आरशासारख्या. साठ-साठ वर्षांत डबाभर गोळ्याही झाडलेल्या नाहीत. त्यांच्या मालकांपैकी एकानेही कधी विचारलं नाही, की मिस्त्री, ही माशी नीट आहे का हो?

विचारलं ते एका डॉक्टरांनी. साल 1991, पावसाळा नुकताच संपलेला. राहायला दादरला, हिंदू कॉलनीत. दवाखाना बंद करून ते संध्याकाळी साडेसातला आले. वेब्ली अँड स्कॉट, बत्तीस बोअर, पाच इंची नळी, सासऱ्यांकडून रीतसर आपल्या परवान्यावर चढवून घेतलेली. पुड्यातून बाहेर काढून त्यांनी ती काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "मला हिची माशी दिसत नाही."

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हे गृहस्थ वरळीच्या रेंजवर जाऊ लागले होते. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची ती रेंज. नेमबाजी या खेळाची देशातली संघटना 1951 मध्ये उभी राहिली आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळंकर. राहायला अहमदाबादला, पण मूळ घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा अजून होते. ही सगळी माहिती मला डॉक्टरांनी दिली, मी कडी तपासत असताना. त्यांना बोलायला फार आवडे, आणि मला काम करताना कुणी बोललेलं चालतं. 1994 मध्ये जसपाल राणाने हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर सेंटर फायर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं तेव्हा ते पेढे घेऊन आले होते, जणू घरातलाच मुलगा.

बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर त्या सेंटर फायर प्रकारात चालतं. अंतर 25 मीटर. कागदावरचं काळं वर्तुळ 20 सेंटिमीटर व्यासाचं, आणि त्यात दहा गुणांचं वर्तुळ फक्त 5 सेंटिमीटरचं. मोठ्या लिंबाएवढं. अर्धचंद्री माशीने त्या लिंबावर शिस्त धरणं म्हणजे मुसळाने रांगोळी घालणं.

डॉक्टरांनी सोबत कागद आणले होते, त्यांनीच झाडलेले. गोळ्यांचा घोस मधल्यापेक्षा 8 सेंटिमीटर वर आणि 3 सेंटिमीटर डावीकडे, दर वेळी. घोस पसरलेला असता तर मी म्हटलं असतं, आधी हात स्थिर करा. तो एकाच जागी होता, म्हणजे माणूस नीट आणि हत्यार वाकडं. तरी मिस्त्रींनी लगेच कानस धरू दिली नाही. आधी कडी. फिलर गेज घालून बघितली, झीज नव्हती. मग नळीचं तोंड, त्याला खरचटलेलं नाही ना. मग त्यांनी विचारलं, गोळी कोणती वापरता? मला तो प्रश्न विनाकारण वाटला. नव्हता. जड आणि संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात धक्क्याने नळी वर उचलली जाते, म्हणून ती कागदावर वर लागते. हलकी, वेगवान गोळी खाली. आपल्याला वाटतं त्याच्या बरोबर उलट. गोळी बदलली की माशीचा हिशोबही बदलला. डॉक्टरांनी तोच एक डबा कायम वापरायचं कबूल केलं.

आता हिशोब. पुढच्या माशीपासून मागच्या खाचेपर्यंत 165 मिलिमीटर भरले. कागद 25 मीटरवर, म्हणजे 25,000 मिलिमीटर. तिथे 80 मिलिमीटरची चूक, तर इथे किती? 80 गुणिले 165 भागिले 25,000. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. गोळी वर जाते म्हणून माशी तेवढी उंच हवी. माशी उंच केली की गोळी खाली येते, हे ग्राहकाला पटवणं सगळ्यात कठीण. मी काउंटरवर पट्टी ठेवून दाखवायचो: पुढचं टोक उंच केलंत, तर ते खाचेच्या रेघेत आणायला नळी खाली झुकवावीच लागेल. गोळी खाली लागत असती तर काम दहा मिनिटांचं, माथ्यावरून दोनदा कानस फिरवली की संपलं. इथे धातू वाढवायचा होता, आणि धातू कानशीने वाढत नाही.

मग रुंदी. अमेरिकेत बोस्टनच्या पॅट्रिज नावाच्या नेमबाजाने 1892 च्या सुमारास चौकोनी माशी आणि चौकोनी खाच यांची जोडी काढली. मागून बघितलं तर खाचेत एक काळा चौकोनी खांब उभा दिसतो, दोन्ही बाजूंना उजेडाच्या सारख्या रेघा, माथा खाचेच्या काठाशी सपाट. डोळ्याला गोल टोकाची उंची ठरवता येत नाही, सपाट काठ मात्र केसभर वर-खाली झाला तरी कळतो. जगभरच्या निशाणेबाजांनी ही जोडी उचलली. त्या खांबाची नेहमीची रुंदी अष्टमांश इंच. मिस्त्री म्हणाले, "एक सूत." मी हसलो. गिरणीतून आलेल्या माणसाला सूत काय सांगता! सुतार, लोहार, फिटर सगळे इंचाच्या आठव्या भागाला सूतच म्हणतात. बोस्टनच्या नेमबाजाचं माप आमच्या लालबागच्या पट्टीवर आधीपासून होतं.

खाच किती रुंद ठेवायची? इथे नवशिका फसतो. माशी सव्वातीन मिलिमीटरला जरा कमी, म्हणजे खाच चार तरी हवी असं वाटतं. पण हात लांब केल्यावर खाच डोळ्यापासून दोन फुटांवर असते आणि माशी तिच्या पुढे आणखी अर्धा फूट. लांबची वस्तू बारीक दिसते. म्हणून तीन मिलिमीटरची खाच पुरली. माशीपेक्षा अरुंद, तरीही दोन्ही बाजूंना उजेड. मी ते आधी पुठ्ठ्यात कापून डॉक्टरांच्या हातात दिलं. त्यांनी दुकानाच्या दारातून समोरच्या इमारतीवरच्या पाटीवर नेम धरला, आणि रस्त्यावरचा भेळवाला दचकून बाजूला झाला. नुसता पुठ्ठा होता हो.

बसवण्याचे दोन मार्ग होते. एक, चांदीचा डाग. भुलेश्वरला सोनारांच्या कामात मी तो शिकलो होतो, आणि एकदा एका गिऱ्हाइकाच्या नळीवर तो देऊन तोंडघशी पडलो होतो. नळी इतकी तापली की बाहेरची निळी झाक करपून तपकिरी झाली आणि आत पापुद्रे धरले. शेठनी त्या माणसाला भरपाई दिली, मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि महिनाभर साधी तेलपाण्याची कामं दिली. बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी त्या भानगडीत पडलो नाही. दुसरा मार्ग खिळीचा, आग न लावता. जुन्या अर्धचंद्राचा वरचा भाग बारीक करवतीने कापायचा, खाली उरलेल्या चौथऱ्यात उभी चीर पाडायची, चिरीत नवी माशी ठोकून बसवायची आणि आडवं भोक पाडून खिळी घालायची. खिळी अर्ध्या सुताची.

चीर पाडायला तीन संध्याकाळी लागल्या. ती नळीच्या मध्यरेषेवर असायला हवी आणि तिचा तळ अगदी सपाट, कारण पोलादाची जाडी तिथे मोजकी. एक करवतपान, मग दोन करवतपानं एकत्र बांधून, मग चपटी कानस. माशीसाठी जुन्या ड्रिलचं पोलाद घेतलं, नरम करून घडवलं, परत पाणी दिलं. मागचा काठ सरळ उभा न ठेवता नेमबाजाच्या बाजूला किंचित झुकवला, वरून खालपर्यंत, म्हणजे उन्हाची तिरीप त्यावर टिकत नाही. त्यावर आडव्या बारीक रेघा पाडल्या, एकेक मोजून. उंची मुद्दाम जास्त ठेवली. कमी करता येते. 3 सेंटिमीटर डावीकडची चूक मी मागे काढली: खाचेची उजवी भिंत दोन दशांश मिलिमीटर जास्त खाल्ली, डावी तेवढीच कमी. मागची खाच जिकडे न्याल तिकडे गोळी जाते, पुढची माशी मात्र उलटी. आणि नळीवरच्या छापांना, नंबराला हात लावायचा नाही. नंबर परवान्यावर असतो आणि बर्मिंगहॅमच्या परीक्षेचे छाप म्हणजे त्या हत्याराची जन्मपत्रिका.

कापलेला अर्धचंद्र, बोटाच्या नखाएवढा, मी एका काडेपेटीत घालून डॉक्टरांना दिला. मिस्त्रींचा नियम होता, की कापलेलं मालकाला परत द्यायचं. नव्या माणसाने कितीही चांगलं केलं तरी पहिलं ते पहिलं.

एका रविवारी डॉक्टर मला वरळीला घेऊन गेले. मी मागे बाकावर बसलो, कानस आणि व्हर्निअर पिशवीत. समुद्राची खारट हवा. तिथे दोन तासांत पोलादावर तांबूस झाक दिसते. पलीकडे रायफली घेतलेल्या मुली होत्या. त्या वेळी कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून आलेल्या अंजली वेदपाठकचं नाव तिथे सगळ्यांच्या तोंडी असे. हीच पुढची अंजली भागवत; 2000 मध्ये तिने सिडनीच्या ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. संजय चक्रवर्तींच्या हाताखाली तयार झालेली ती पिढी; सुमा शिरूर, दीपाली देशपांडे त्याच आखाड्यातल्या. त्यांच्या रायफलींना मागे चकतीसारखी साइट, तिला बारीक स्क्रू, एक टिकटिक फिरवली की गोळी मिलिमीटरभर सरकते. मी ते बघतच राहिलो. आमच्याकडे टिकटिक म्हणजे मी.

डॉक्टरांनी खिशातून कापराची वडी काढली, बशीत पेटवली, आणि माशी त्या धुरावर धरली. काळीकुट्ट काजळी बसली, मखमलीसारखी. निशाणेबाजांची ही जुनी युक्ती, चकाकी मारायला. त्यांच्या डोळ्याला दूरचं दिसे पण हातभर अंतरावरचं फिकट, म्हणून गिरगावातल्या डोळ्यांच्या डॉक्टर मित्राकडून त्यांनी बरोबर माशीच्या अंतराचा चष्मा करून घेतला होता. तो लावला की कागद धूसर. तसंच हवं असतं. तीन वस्तू तीन अंतरांवर, डोळ्याला एका वेळी एकच स्पष्ट दिसते, आणि ती माशी असली पाहिजे. पहिल्या पाच गोळ्या चार बोटं खाली लागल्या, मुद्दाम ठेवलेल्या जास्तीच्या उंचीमुळे. नियमाप्रमाणे सिलिंडर रिकामं करून, मोडून त्यांनी मला दिलं. मी तिथेच बाकावर गुडघ्यात धरून माथ्यावरून कानस फिरवली, मोजली, फिरवली. तिसऱ्या खेपेला घोस काळ्याच्या मधोमध आला. पाचातल्या दोन दहात. डॉक्टर काही बोलले नाहीत, आणि हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

मिस्त्रींचं ते वाक्य मला तिथे कळलं. या हत्यारांना माशी अशी कुणी लावलीच नव्हती. ज्याला कागदावर मारायचंय, दुसऱ्या रविवारी परत मारायचंय, तोच तिच्याकडे बघतो. पुढच्या अठरा वर्षांत मी अशा माश्या एकवीस बसवल्या. वहीत मोजल्यात. त्यातले मालक सगळे वरळीचे. ज्यांनी हत्यार भीतीपोटी किंवा रुबाबापोटी ठेवलं होतं त्यांच्यापैकी एकही नाही, आणि त्यांची संख्या कितीतरी मोठी होती. एका बिल्डरने मात्र सोन्याचा मुलामा दिलेली माशी मागितली होती. चकाकेल, दिसणार नाही, असं मी म्हटलं. तो म्हणाला, दुसऱ्याला दिसली पाहिजे. शेठनी ते काम नाकारलं.

कानपूरने 2014 मध्ये बायकांसाठी निर्भीक नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, अर्धा किलोचं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. मी तोवर घरी बसलो होतो. पेपरात फोटो बघितला आणि आधी माशीच बघितली.

डॉक्टर 2008 मध्ये गेले. वारल्यावर परवाना संपतो. हत्यार जमा करावं लागतं आणि वारसाला हवं असेल तर नव्याने अर्ज. त्यांची मुलगी पोलीस ठाण्याचा कागद घेऊन दुकानात आली. तिला ते ठेवायचं नव्हतं. शेठ तोवर थकलेले, रजिस्टर मीच लिहायचो. तिने पुडा काउंटरवर ठेवला आणि पर्समधून एक काडेपेटी काढली. सतरा वर्षं जपलेली, रबर लावलेली.

"काका, हे परत बसवता येईल का? बाबा म्हणायचे, आजोबांचं असं होतं."

मी उघडून बघितलं. अर्धचंद्र होता तसाच, कडेला माझ्या करवतीचे दात. म्हटलं, "नाही गं, कापलेलं आहे. चिकटवलं तर पडेल."

तिने पेटी बंद करून पर्समध्ये टाकली. माशीच्या माथ्याला अजून कापराची काजळी होती. मी बोटाला लागू न देता पुडा आत घेतला आणि रजिस्टरात लिहिलं: रिव्हॉल्व्हर एक नग, वेब्ली अँड स्कॉट, .32, नळी 5 इंच, नंबर. शेऱ्याच्या रकान्यात: पुढची माशी बदललेली, एक सूत, खिळीने.